दोष कुणाचा? १९४८ सालची काही पत्रं

(आष्टी, ता. परतूर, जि. जालना येथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची लय शक्य तितकी तशीच ठेवली आहे. शेवटी दोन प्रश्नोत्तरं जोडली आहेत.)



मी आष्टीला चाललोय म्हटल्यावर पुण्यातले एक स्नेही म्हणाले, कुठलं आष्टी? बीडचं, वर्ध्याचं की सोलापूरचं? वर्ध्याच्या आष्टीनं बेचाळीसचा लढा पाहिला, सोलापूरच्या आष्टीला बापू गोखले पडले. मी म्हटलं, या सगळ्यांपेक्षा वेगळं. परतूर तालुक्यातलं. तिथली माणसं शांतपणे ऐकून घेतात, म्हणून जातोय. तेव्हा माझी लाज राखा.

विषय कसा सुचला ते आधी सांगतो. आमच्या कुटुंबाचा मोबाइलवर एक ग्रुप आहे. पंचेचाळीस माणसं, सकाळी फुलांची चित्रं, संध्याकाळी वाढदिवस. गेल्या वर्षी ३० जानेवारीला माझ्या एका पुतण्यानं तिथे सरदार पटेलांच्या एका पत्राचा फोटो टाकला. गांधीजींच्या खुनाशी संघाचा संबंध नाही, असं त्यात पटेल नेहरूंना लिहितात. पाच मिनिटांनी दुसऱ्या पुतण्यानं पटेलांचंच दुसरं पत्र टाकलं. त्यात पटेल गोळवलकर गुरुजींना लिहितात की, तुमच्या लोकांनी जे विष पसरवलं त्याचं शेवटचं फळ म्हणजे गांधीजींचा बळी. मग जे व्हायचं ते झालं. रात्रीपर्यंत एकजण ग्रुपमधून बाहेर पडला, आणि दोघांनीही मला वेगवेगळे फोन केले. काका, तुम्ही प्रोफेसर. खरं पत्र कुठलं ते सांगा.

मी म्हटलं, दोन्ही खरी आहेत. दोघांनाही ते आवडलं नाही. दोघांनाही वाटलं, काका आता म्हातारे झाले, सगळ्यांना खूश ठेवायला बघतात. त्या दोघांना फोनवर जे नीट सांगता आलं नाही, ते आज तुमच्यापुढे मांडतो.

काळ कसा होता

आधी काळ डोळ्यांपुढे आणू. ऑगस्ट १९४७ला देश स्वतंत्र झाला आणि फाटला. पंजाबात आणि बंगालात जे झालं त्याला आपण ‘दंगली’ म्हणतो. शब्द फार लहान आहे. आपल्या मराठीत चांगला शब्द आहे, यादवी. एकाच घरातल्या माणसांनी एकमेकांना संपवणं. लाखो माणसं मेली, एक कोटीहून अधिक माणसं घरं सोडून निघाली. दिल्लीत निर्वासितांच्या छावण्या उभ्या राहिल्या. त्या दिल्लीत १३ जानेवारी १९४८ला गांधीजी उपोषणाला बसले, १८ तारखेला सोडलं. २० तारखेला बिर्ला हाउसच्या प्रार्थनासभेत मदनलाल पाहवा यानं स्फोट घडवला आणि तो जागीच पकडला गेला. आणि ३० तारखेला, शुक्रवारी, संध्याकाळी पाच वाजून गेल्यावर नथुराम गोडसेनं तीन गोळ्या झाडल्या.

गांधीजींना त्या दिवशी प्रार्थनेला उशीर झाला होता. का? तर पटेल त्यांच्याशी बोलत बसले होते. विषय होता नेहरू आणि पटेल यांच्यातले मतभेद. म्हणजे शेवटचं बोलणं या दोघांच्या भांडणाविषयीचं. हे मनात ठेवा, कारण पुढच्या पत्रांवर त्याची सावली आहे.

आणि आपण कुठे होतो? आपण भारतात नव्हतोच! ३० जानेवारी १९४८ला आष्टी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. आपला परतूर तालुका तेव्हा परभणी जिल्ह्यात. जालना जिल्हा झाला तो १९८१मध्ये. गांधी गेले ही बातमी इथल्या लोकांनी एका अर्थानं परदेशातून ऐकली. आपल्याकडची यादवी अजून व्हायची होती. तिच्याकडे शेवटी येतो.

नेहरू आणि पटेल

आता पत्रं. पटेलांचा पत्रव्यवहार दुर्गादास यांनी संपादित केला आणि अहमदाबादच्या नवजीवननं तो १९७१ ते १९७४ या काळात दहा खंडांत छापला. म्हणजे ही पत्रं काही गुप्त नाहीत. कोणीही ग्रंथालयात जाऊन वाचावीत. पण ती खंडात वाचणं वेगळं आणि फोटोत वाचणं वेगळं. खंडात मागचं-पुढचं पत्र असतं.

३ फेब्रुवारीला, म्हणजे अंत्यसंस्कारानंतर तीनच दिवसांनी, नेहरू पटेलांना लिहितात. सूर असा की, बापू गेल्यावर आता सगळं बदललं आहे, आपण दोघांनी मित्र म्हणून, सहकारी म्हणून हे संकट पेललं पाहिजे. ५ तारखेला पटेलांचं उत्तर जातं, तेही तितक्याच ओलाव्याचं. राजीनाम्याचा विचार मागे पडतो.

पण बाहेर काय चाललं होतं? गृहखातं पटेलांकडे. दहा दिवस आधी स्फोट झालेला, एक माणूस पकडलेला, आणि तरी खून झाला. जयप्रकाश नारायण आणि समाजवादी मंडळींनी उघड बोट दाखवलं, ही गृहमंत्र्यांची जबाबदारी आहे. पटेलांनी सांगितलं की प्रार्थनेला येणाऱ्यांची झडती घ्यायला गांधीजींनीच नकार दिला होता. ते खरंही होतं. पण ज्याच्या घरातलं माणूस गेलं त्याला खुलासा देता येतो, समाधान मिळत नाही. ५ मार्चला पटेलांना हृदयविकाराचा झटका आला.

त्याच्या आठवडाभर आधी, २६ फेब्रुवारीला, नेहरूंचं पत्र आहे. बापूंचा खून ही सुटी घटना नव्हे, एका मोठ्या मोहिमेचा भाग आहे आणि ती मोहीम मुख्यतः संघानं चालवली, असं आपलं मत होत चाललंय, असं ते कळवतात. दिल्ली पोलिसांच्या तपासाविषयी शंकाही घेतात. दुसऱ्याच दिवशी पटेल उत्तर देतात. मी जवळजवळ रोज तपासाची माहिती घेतो, असं सांगून ते निष्कर्ष मांडतात की कट हिंदु महासभेतल्या, थेट सावरकरांच्या हाताखालच्या एका कडव्या गटाचा आहे. संघ त्यात नाही. खुनाचं स्वागत मात्र संघातल्या आणि महासभेतल्या गांधीविरोधकांनी केलं, हेही तिथेच लिहिलेलं आहे.

माझ्या पहिल्या पुतण्याचं पत्र ते हे. पण त्यानं टाकलेला फोटो अर्धा होता. त्यातून सावरकरांचा उल्लेखही गेला होता आणि स्वागताचं वाक्यही गेलं होतं.

मुखर्जी आणि गोळवलकर

आता मे महिन्यात या. खटला उभा राहतोय. श्यामाप्रसाद मुखर्जी मंत्रिमंडळात आहेत आणि महासभेचे मोठे नेते आहेत. ४ मेच्या पत्रात ते पटेलांना म्हणतात, सावरकरांवर केवळ त्यांच्या राजकीय मतांसाठी खटला होतोय असं दिसता कामा नये. ६ मेला पटेलांचं उत्तर. माझ्या मते हे त्या सालचं सगळ्यात महत्त्वाचं पत्र आहे, आणि ते कोणी ग्रुपवर टाकत नाही. पटेल म्हणतात, सावरकरांना आरोपी करायचं की नाही हा निर्णय फक्त कायद्याच्या आणि न्यायाच्या नजरेनं व्हावा, राजकारण त्यात येऊ नये, अशी सूचना मी दिली आहे. आणि मग पुढे एक वाक्य जोडतात, त्याचा आशय असा की हे झालं कायद्याच्या दृष्टीनं दोषाबद्दल. नैतिक दृष्ट्या माणसाचं मत वेगळंही असू शकतं.

बघा, फौजदारी वकिली केलेला माणूस आहे. कोर्टात काय सिद्ध होतं आणि मनाला काय पटतं, यात रेघ कुठे ओढायची ते त्याला ठाऊक आहे. एका ओळीत त्यानं दोषाचे दोन प्रकार केले.

१८ जुलैला पुन्हा मुखर्जींना पत्र. खटला चालू असल्यामुळे संघ आणि महासभा यांच्या खुनातल्या सहभागाबद्दल मी बोलणार नाही, पण आमच्याकडचे अहवाल सांगतात की या दोन संघटनांच्या, विशेषतः पहिलीच्या, कारवायांमुळे असं वातावरण तयार झालं की त्यात ही भीषण घटना शक्य झाली. आणि ११ सप्टेंबरचं पत्र गोळवलकर गुरुजींना. फेब्रुवारीत संघावर बंदी आली होती, गुरुजींना अटक झाली होती. ऑगस्टमध्ये सुटल्यावर त्यांनी नेहरूंना आणि पटेलांना पत्रं लिहिली. त्यांचं म्हणणं, संघावरचा आरोप खोटा आहे, बंदी अन्यायाची आहे. पटेल आधी कबूल करतात की फाळणीच्या काळात संघानं हिंदूंची, बायामुलांची मदत केली. मग म्हणतात, अडचण सुरू झाली ती सूडाच्या आगीपासून. भाषणं विषारी होती, त्या विषाचा परिणाम म्हणून गांधीजींचा बळी गेला, आणि मृत्यूनंतर मिठाई वाटली गेली. दुसऱ्या पुतण्याचं पत्र ते हे. त्यानं टाकलेला फोटोही अर्धाच होता. मदतीची कबुली त्यातून गेली होती.

मग फेब्रुवारीचे पटेल खरे की सप्टेंबरचे?

एका जर्मन प्राध्यापकाची व्याख्यानं

इथे माझ्या विषयाकडे वळतो, माफ करा, पोटापाण्याचा धंदा तोच होता. कार्ल यास्पर्स नावाचे तत्त्वज्ञ जर्मनीत हायडेलबर्गला शिकवत. बायको ज्यू. म्हणून नाझींनी त्यांची नोकरी काढून घेतली. युद्ध संपल्यावर १९४५-४६च्या हिवाळ्यात ते पुन्हा वर्गात उभे राहिले. समोर पोरं बसलेली, कोणी सैन्यातून परतलेलं, कोणाचं घर बॉम्बमध्ये गेलेलं. बाहेर जग म्हणत होतं, सगळे जर्मन दोषी. आत पोरं म्हणत होती, आम्ही काय केलं? तेव्हा त्यांनी दोषाच्या प्रश्नावर व्याख्यानं दिली. १९४६मध्ये त्याचं लहानसं पुस्तक झालं.

ते म्हणाले, दोष हा एक शब्द आहे पण वस्तू चार आहेत. पहिला गुन्ह्याचा दोष. कायदा मोडला, पुरावा आहे, निकाल कोर्ट देणार. दुसरा राजकीय. ज्या राज्याचे तुम्ही नागरिक, किंवा ज्या पक्षाचे तुम्ही, त्याच्या कृत्याचे परिणाम तुम्हाला भोगावे लागतात, तुम्ही स्वतः काही केलेलं नसलं तरी. तिसरा नैतिक. मी काय बोललो, काय खपवून घेतलं, कुठे मान फिरवली. इथे न्यायाधीश माझं मन, फार तर माझ्यावर प्रेम करणारं माणूस. चौथ्याला त्यांनी मोठा शब्द वापरला, मी साधं सांगतो. माझ्या शेजारी अन्याय झाला, आणि मी जिवंत राहिलो. यात मी काही चूक केली असेन किंवा नसेन, तरी आत काहीतरी टोचत राहतं. त्याचा निकाल माणसाच्या हातात नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं त्यांनी असं सांगितलं की अख्ख्या समाजाला गुन्हेगार किंवा नीतिभ्रष्ट ठरवता येत नाही. समाजाला मन नसतं. मन माणसाला असतं.

आता पटेलांची पत्रं या चार खणांत ठेवून बघा. २७ फेब्रुवारीचं उत्तर पहिल्या खणातलं आहे. कट कोणी केला? हा पोलिसांचा प्रश्न, तपासाच्या कागदांवरून दिलेलं उत्तर. १८ जुलै आणि ११ सप्टेंबरची पत्रं दुसऱ्या-तिसऱ्या खणातली. हवा कोणी बिघडवली? ६ मेच्या पत्रात त्यांनी स्वतःच ते खण वेगळे करून ठेवले होते. दोन्ही पत्रांत विरोध नाही. दोन प्रश्न आहेत आणि दोन उत्तरं आहेत. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याच्या तोंडावर मारलं की भांडण होतं. आमच्या ग्रुपवर झालं ते तेच.

कोर्टाचंही सांगून टाकतो. लाल किल्ल्यात न्यायाधीश आत्मा चरण यांच्यापुढे खटला चालला. १० फेब्रुवारी १९४९ला निकाल. नथुराम गोडसे आणि नारायण आपटे यांना फाशी, पाच जणांना जन्मठेप, सावरकर पुराव्याअभावी निर्दोष. पुढे अपिलात परचुरे आणि शंकर किस्तय्या सुटले. १९६४मध्ये गोपाळ गोडसे आणि करकरे सुटून आल्यावर पुण्यात त्यांचा सत्कार झाला. तिथे टिळकांचे नातू ग. वि. केतकर यांनी सांगितलं की मला आधी कल्पना होती, आणि बाळूकाका कानिटकरांच्या मार्फत सरकारला कळवलं होतं. गदारोळ झाला, त्यातून न्यायमूर्ती कपूर यांचा आयोग. त्याचा अहवाल १९६९चा. रुईया कॉलेजच्या प्रा. जगदीशचंद्र जैन यांनी स्फोटानंतर मुंबईच्या सरकारला मदनलालबद्दल सांगितलं होतं, तरी दहा दिवसांत पोलीस पोचले नाहीत, हे सगळं त्यात आलं. सावरकरांविरुद्धही आयोगानं कडक मत नोंदवलं. पण आयोग म्हणजे कोर्ट नव्हे, आणि तोवर सावरकर हयातही नव्हते. कोर्टाची सुटका आणि आयोगाचं मत, दोन्ही सांगावं. एकच सांगणारा माणूस इतिहास सांगत नसतो.

लाज

आता जरा खासगी पत्रांकडे. ८ फेब्रुवारी १९४८ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर दिल्लीहून डॉ. शारदा कबीर यांना लिहितात. दोघांचं लग्न दोन महिन्यांनी व्हायचं आहे. गांधींवरची आपली टीका बाबासाहेब त्या पत्रात लपवत नाहीत, मृत्यूनंतर नऊच दिवसांत ती तितक्याच रोखठोकपणे मांडतात. पण त्यांच्या भावी पत्नीनं लिहिलेल्या एका गोष्टीशी ते पूर्ण सहमत होतात की महाराष्ट्रीय माणसाच्या हातून हे व्हायला नको होतं. आणि मग दुरुस्ती करतात, कोणाच्याही हातून व्हायला नको होतं.

या दोन वाक्यांवर मी वर्गात तासभर बोललो असतो. त्या दोघांचा खुनाशी काडीचा संबंध नाही. गांधींशी बाबासाहेबांचं आयुष्यभर वैर. तरी ‘आपल्या माणसानं केलं’ ही टोचणी आहे. तिला मी लाज म्हणेन. लाज म्हणजे दोष नव्हे. दोष मी केलेल्या गोष्टीचा असतो. लाज मला माझ्या माणसांचीही वाटते. आणि लाज वाटण्यासाठी ती माणसं आधी माझी वाटावी लागतात.

मार्च १९४८मध्ये सेवाग्रामला गांधींचे सहकारी जमले. नेहरू, आझाद, कृपलानी होते. तिथे विनोबा बोलले त्याचा आशय असा, संघ ज्या प्रांतात जन्मला त्या प्रांतातला मी आहे, जात मी सोडली, पण मारणाऱ्याच्या जातीत माझा जन्म झाला हे विसरू शकत नाही. विनोबांना कोणी विचारलं नव्हतं. साने गुरुजींनी तर एकवीस दिवसांचं प्रायश्चित्त-उपोषण केलं. गुरुजींनी काय केलं होतं? काही नाही. उलट पंढरपूरचं मंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून ते आधीच्याच वर्षी उपाशी बसले होते.

आणि त्याच दिवसांत या लाजेची उलटी बाजू सातारा, सांगली, कोल्हापूरकडे रस्त्यावर आली. ब्राह्मणांची घरं पेटवली गेली. गावोगाव. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. माडगूळकरांचं घर जळालं. व्यंकटेश माडगूळकरांची ‘वावटळ’ त्यावरच आहे. मुंबईत जमावानं डॉ. नारायणराव सावरकरांना दगडांनी ठेचलं. ऑक्टोबर १९४९मध्ये ते गेले. जळणाऱ्या घरातल्या म्हातारीनं कट केला नव्हता. पण जमावाचं गणित सोपं असतं. मारणारा त्या जातीचा, ही म्हातारी त्या जातीची, उत्तर आलं.

विनोबा आणि जमाव, दोघांनीही जात बघितली. विनोबांनी स्वतःची बघितली, जमावानं दुसऱ्याची. यास्पर्स जर्मन म्हणून बोलला आणि विनोबा ब्राह्मण म्हणून. पण कोणी बाहेरचा येऊन त्यांना म्हणाला असता, चला, तुम्ही दोषी, तर त्याला तो हक्क नव्हता. ही जबाबदारी स्वतःहून अंगावर घेता येते. दुसऱ्याच्या अंगावर टाकली की तिची मशाल होते.

मुलाचं पत्र

आणखी एक पत्रव्यवहार. गांधीजींचे तिसरे पुत्र रामदास नागपूरला राहत. चितेला अग्नी त्यांनी दिला. मे १९४९मध्ये, फाशीची शिक्षा झालेल्या नथुरामला त्यांनी तुरुंगात पत्र लिहिलं. खुनी माणसाला मृताच्या मुलाचं पत्र. त्यात शिव्या नाहीत. तुला आपली चूक कधीतरी उमगावी, अशी इच्छा आहे. जूनमध्ये नथुरामचं उत्तर आलं. मुलगा म्हणून तुम्हाला झालेल्या जखमेबद्दल दुःख व्यक्त केलं आहे, पण कृत्याचं समर्थन सोडलेलं नाही. भेटायची तयारी दाखवली आहे. रामदासांना विनोबा आणि किशोरलाल मश्रूवाला यांना बरोबर घेऊन जायचं होतं. ती भेट झाली नाही. मणिलाल आणि रामदास या दोघा भावांनी फाशी देऊ नये अशी विनंती केली, तीही मानली गेली नाही. १५ नोव्हेंबर १९४९ला अंबाल्याच्या तुरुंगात फाशी झाली.

रामदासांनी माफ केलं, असं मी म्हणणार नाही. त्यांनी दोष कमीही केला नाही आणि पसरवलाही नाही. ज्यानं केलं त्यालाच पत्र लिहिलं. नागपूरच्या, पुण्याच्या, महाराष्ट्राच्या नावानं लिहिलं नाही.

आपला सप्टेंबर

पटेलांचं गोळवलकरांना पत्र ११ सप्टेंबरचं. १३ सप्टेंबरला भारताच्या फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या. १७ला निजाम शरण आला. आपण तो दिवस मुक्तिसंग्राम दिन म्हणून साजरा करतो, आणि करायलाच हवा. रझाकारांनी काय केलं ते या भागातल्या प्रत्येक जुन्या घराला माहीत आहे. लूट, जाळपोळ, खून, रात्री शेतात लपून काढलेले दिवस. लोक लढले, तुरुंगात गेले, मेले.

पण त्याच्यानंतरचे काही आठवडे आपण साजरेही करत नाही आणि आठवतही नाही. रझाकार मुसलमान होते, म्हणून मुसलमान रझाकार, हे गणित आपल्याकडेही मांडलं गेलं. नेहरूंनी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार यांना पाहणीला पाठवलं. त्यांच्या अहवालात मेलेल्यांचा सावध अंदाज सत्तावीस ते चाळीस हजारांचा आहे, आणि सगळ्यात जास्त झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड आहेत. तो अहवाल कित्येक दशकं कपाटात राहिला.

म्हणजे बघा, एकाच वर्षात मराठी मुलखात दोनदा हे झालं. फेब्रुवारीत कृष्णाकाठी ब्राह्मणांच्या बाबतीत, सप्टेंबरात आपल्याकडे मुसलमानांच्या बाबतीत. फेब्रुवारीबद्दल कादंबऱ्या आल्या, आठवणी लिहिल्या गेल्या. सप्टेंबरबद्दल फारसं कोणी बोललं नाही.

माझं आजोळ गोदाकाठचं. गावाचं नाव सांगत नाही. तिथे माजघरात एक तांब्याची घागर होती. मोठी, जड, सुरेख घडणीची. तिच्या गळ्याशी नाव कोरलेलं होतं, पण उर्दूत. आम्हा पोरांना ते वाचता येत नसे. माझे थोरले मामा निजामाच्या शाळेत शिकलेले, उर्दू त्यांना मराठीपेक्षा चांगली यायची. मी एकदा विचारलं, मामा, यावर काय लिहिलंय? मामा म्हणाले, झिजलंय रे, लागत नाही. घागर नवीकोरी वाटावी इतकी ठसठशीत अक्षरं होती. आजीनं मला हाक मारली आणि विषय संपला.

माझ्या मामांनी कोणाचा खून केला नव्हता. आजोबांनीही नाही. मला खात्री आहे. पण घागर घरात कशी आली ते त्यांना माहीत होतं, आणि पन्नास वर्षं त्या घागरीचं पाणी सगळे प्यायले. मीही प्यायलो. मामा गेल्यावर मामेभावानं ती मोडीत घातली. मला फोन करून विचारलं होतं, तुला हवी का? मी म्हटलं, मी कुठे ठेवू, फ्लॅटमध्ये जागा नाही. उर्दू वाचणारा माणूस मला सहज मिळाला असता. कॉलेजात विभागच होता.

हे मी आज पहिल्यांदा चारचौघांत सांगतोय. एवढंच. नमस्कार.

प्रश्नोत्तरांतून

*प्रश्न: सर, तुम्ही दोन्ही बाजूंना सारखं मोजलं. मारणारा आणि टीका सहन न झालेला, यात फरक नाही का?*

आहे, आणि तो पहिल्या खणात आहे. गोळी झाडणारा आणि झाडायला लावणारा यांची इतर कोणाशीही तुलना नाही. पटेलांचं विषाबद्दलचं म्हणणंही मी सौम्य करत नाही, ते एका गृहमंत्र्यानं विचारपूर्वक लिहिलेलं आहे. मी एवढंच म्हणतो की संघटनेनं आपल्या बोलण्याचा हिशेब द्यावा, सरकारनं आपल्या ढिलाईचा द्यावा, आणि जन्मानं मिळालेल्या जातीकडे कोणी हिशेब मागू नये. संघटना आपण निवडतो. जात निवडत नाही.

*प्रश्न: काका, पंचाहत्तर वर्षं झाली. आता सप्टेंबरचं उकरून काय मिळणार? गावात आज सगळे नीट राहतात.*

नीट राहतात याचा मला आनंद आहे, आणि ते बिघडावं म्हणून मी इथे आलो नाही. (हसून) नाहीतर सरपंच मला पुन्हा बोलावणार नाहीत. तुमचा प्रश्न खरा आहे. कोणाच्या नातवाला जाऊन तुझ्या आजोबांनी काय केलं असं विचारू नका. तसं विचारणं म्हणजे पुन्हा तेच गणित. पण आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसा आणि विचारा, आपल्या घरात काय झालं होतं? रझाकारांच्या वेळी काय झालं आणि नंतर काय झालं, दोन्ही विचारा. सांगितलं तर लिहून ठेवा. नव्वदीच्या पुढची माणसं आता थोडी उरली आहेत. आणि घरात एखादं जुनं भांडं असेल, त्यावर नाव असेल, तर मोडीत घालायच्या आधी ते कोणाकडून तरी वाचून घ्या.